बाहुली, बाहुला की बाहुलं?

धूळपाटी
नमस्कार मंडळी. या विभागात माझं बरेच दिवस नुसतं वाचन चालू आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

माझ्याकडे १/४ मापाची, म्हणजे साधारण ४० सेंमी उंचीची रेझिनची बॉल-जॉइंटेड डॉल, म्हणजे गोल सांध्यांची बाहुली आहे. खरं तर दोन अर्ध्या आहेत. डोकं सुटं मिळालं. कंपनीच्या यादीत ते 'बॉय हेड' होतं. बॉडी नंतर एका संग्राहकाकडून आली, ती 'गर्ल बॉडी'. डोकं कोरं आहे. दोन्ही जोडून टेबलावर ठेवल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस दहा सेकंदांच्या आत विचारतं, "हा मुलगा की मुलगी?" दोन्ही नाही म्हटलं की "म्हणजे अजून ठरायचंय ना?" नाही हो. ठरलंय. दोन्ही नाही हेच ठरलंय.

अडचण अशी की हे माझ्या डोक्यात पक्कं आहे, बाहुलीच्या डोक्यावर अजून उतरलेलं नाही. पेन्सिल टेकली की भुवई एकतर 'त्याची' होते नाहीतर 'तिची'. दोनदा फेसअप, म्हणजे चेहऱ्याचं रंगकाम, करून पुसून झाला. पहिल्यांदा सरळसरळ मुलगा दिसला. दुसऱ्यांदा सगळंच फिकट ठेवलं, तर ताप येऊन गेलेलं पोर दिसायला लागलं.

तर चेहऱ्यावरचं नेमकं काय बघून आपण मुलगा-मुलगी ठरवतो? बॉडी बदलावी का? आणि फोटोंखाली चार ओळी संवाद लिहायची हौस आहे, तिथे तर मराठी पहिल्याच क्रियापदाला अडवते. सुचवा काहीतरी.

सुईदोरा
स्वागत, धूळपाटीताई.
भुवया सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, पण खरे चुगलखोर दुसरेच. खालच्या पापणीचे केस बघा. चार बारीक रेघा खाली ओढल्या की झाली मुलगी. मग वरच्या ओठाची कड. ती स्पष्ट रेखली तर मुलगी. कड धूसर सोडून फक्त दोन ओठांमधली फट गडद केली तर मुलगा. आणि डोळे! बुबुळ मोठं असलं की चेहरा लहान आणि बायकी वाटतो. त्याच खोबणीत बारीक बुबुळाचे डोळे बसवा, पाच वर्षांनी मोठा पुरुष बघायला लागेल. यातलं काहीही साच्यात नसतं. फेअरीलँड कंपनीच्या मिनिफी बाहुलीचं एकच डोकं मुलाच्या बॉडीवर मागवता येतं आणि मुलीच्याही. म्हणजे 'बॉय हेड' हा यादीतला शब्द आहे, रेझिनमधला नाही.

तुमचा दुसरा फेसअप का फसला तेही सांगते. तुम्ही सरासरी काढलीत. अर्धी जाड भुवई, अर्धे गुलाबी ओठ, अर्ध्या पापण्या. अर्ध्या-अर्ध्याची बेरीज 'दोन्ही नाही' होत नाही, आजारी होते. मी असं डोकं करते तेव्हा उलट जोर लावते. भुवया दाट, केस न केस दिसणाऱ्या, आणि त्याच चेहऱ्यावर खालच्या पापण्याही भरपूर. बघणाऱ्याला दोन ठाम खुणा मिळाल्या पाहिजेत, एकमेकींशी भांडणाऱ्या.

थर नेहमीचेच: सीलंट (रंग पक्का करणारा स्प्रे), खडूची पूड, सीलंट, वॉटरकलर पेन्सिल, सीलंट, सगळ्यात शेवटी ग्लॉस. हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे मारू नका, पांढुरकी साय धरते. मास्क विसरू नका.

उगाचच
"ताप येऊन गेलेलं पोर" वाचून माझी आजवरची सगळी कामं डोळ्यांसमोरून गेली.

डबाबंद
इथे सगळे माझ्यावर तुटून पडणार हे माहीत असून लिहितो. डोकं कोरं मिळालंय म्हणून तुमचं ठीक आहे. पण कारखान्याचा रंग ॲसिटोनने पुसून, केस उपटून 'नवी ओळख' देणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. बनवणाऱ्याने एक गोष्ट ठरवून बनवलेली असते. खोक्यातून काढलीत तिथेच निम्मी गेली, रंग पुसलात तिथे उरलेली.

आणि लिंग-बिंग काय घेऊन बसलात? प्लास्टिक आहे ते.

रेझिनवेडा
रेझिन आहे. :)

डबाबंद
तेच ते.

रेझिनवेडा
तेच कसं? तुमच्या व्हिनाइलच्या डोक्याला ॲसिटोन चालतं, आमच्या रेझिनला लावलंत तर पृष्ठभागच वितळेल. नवीन लोक वाचतायत, म्हणून मुद्दाम.

धूळपाटी, बॉडीबद्दल. आधी मान बघा. मुलाच्या डोक्याचं खालचं भोक सहसा मोठं असतं आणि मुलीच्या बॉडीची मान बारीक. डोकं डुगडुगतं किंवा खांद्यात रुतल्यासारखं दिसतं. मग रेझिनचा रंग. दोन कंपन्यांचा 'नॉर्मल स्किन' कधीच एक नसतो, आणि उन्हाने जो पिवळेपणा येतो तोही प्रत्येकाला वेगळा. फोटोत चेहरा एक, छाती दुसरी. मानेला आणि छातीच्या वरच्या भागाला खडूचं ब्लशिंग दिलंत तर बरंच झाकलं जातं.

बॉडी बदलू नका, हात बदला. खरंच सांगतो. मुलीच्या बॉडीला मुलाचे हात लावून बघा, बोटांच्या पेरांवर थोडा लालसर रंग द्या. हात मनगटाशी एस-हुकवर असतात, पाच मिनिटांचं काम. चेहऱ्यानंतर लोक हातच बघतात, पण आपण हात बघितले हे त्यांना कळत नाही.

अवांतर: बार्बी-केनवाल्यांना कल्पना नसते म्हणून सांगून ठेवतो, बॉल-जॉइंटेड बॉडी सर्व तपशिलांसह येते. सर्व म्हणजे सर्व. माझी पहिली पेटी मी पाहुण्यांसमोर उघडली होती.

उगाचच
मग पाहुण्यांनी विचारलं का, मुलगा की मुलगी?

रेझिनवेडा
विचारायची गरज उरली नव्हती.

बारा_इंची
मी गंमत बघतोय. माझ्याकडे बाहुल्या नाहीत, १/६ च्या ॲक्शन फिगर आहेत.

सुईदोरा
म्हणजे १२ इंचांच्या, कपडे बदलता येणाऱ्या, छोटे बूट, छोटे पट्टे, सुटे हात असणाऱ्या…

बारा_इंची
हो.

सुईदोरा
बरं.

बारा_इंची
हाहा, कबूल. पण हा शब्द आमच्या अहंकारासाठीच जन्माला आलाय. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक आणला तेव्हा मुलं 'डॉल' घेणार नाहीत अशी भीती होती, म्हणून 'ॲक्शन फिगर' शब्द काढला. सांधे, कपडे, सगळं बाहुलीचं. नाव तेवढं पुरुषाचं. धूळपाटी, तुमच्या डोक्यावर जसा 'बॉय' चिकटलाय तसाच.

आणि डबाबंदराव, बनवणाऱ्याने ठरवलेलं बदलायचं नाही म्हणता, तर १९९३ मधला 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन'चा उद्योग आठवा. बोलणाऱ्या बार्बी आणि बोलणारे जी. आय. जो विकत आणले, पोटातल्या आवाजाच्या चकत्या आपापसांत बदलल्या आणि खोकी परत दुकानांच्या फळ्यांवर नेऊन ठेवली. बार्बी युद्धाच्या गर्जना करतेय आणि सैनिक खरेदीला जाऊया म्हणतोय. रंग नाही, कपडे नाहीत, फक्त आवाज बदलला.

डबाबंद
माहीत आहे. त्यातला एक जरी मूळ खोक्यात मिळाला तरी घेईन. (हसू नका.)

१९९३ चंच निघालं म्हणून: त्याच वर्षी बार्बीवाल्या मॅटेलने 'इअरिंग मॅजिक केन' काढला. जांभळं जाकीट, जाळीचा शर्ट, एका कानात डूल, गळ्यात कडं अडकवलेली साखळी. कंपनीला वाटलं आपण तरुण फॅशन आणतोय. समलिंगी पुरुषांनी त्यात स्वतःला ओळखलं आणि धडाधड घेतला. कंपनीने तो बंद केला. त्याला कुणीही रंगवला नव्हता, कुणी काही घासलं नव्हतं. बघणाऱ्यांनी नुसतं बघून त्याचं कस्टमायझेशन केलं. म्हणून म्हणतो, खोकं न उघडताही सगळं होतं.

सुईदोरा
हा प्रतिसाद आवडला. तुमचाच मुद्दा खोडून काढलात मात्र.

दुपारची_झोप
तो २०१९ चा 'क्रिएटेबल वर्ल्ड' संच कुणी घेतला होता का? मॅटेलचाच. एक बाहुली, आखूड केस, वर घालायला लांब केसांचा विग, दोन्ही प्रकारचे कपडे. हवं ते करा. मी मुलीसाठी घेतला. मला वाटलं मुलं मोकळी असतात. कसलं काय! विग चढवला की "ही", काढला की "हा", आणि मध्येच विग सटकला तर "थांब, हिचं अजून व्हायचंय." घरात सगळ्यात कडक तीच निघाली.

पसारा
घेतला होता. चांगला आहे, पण एक खटकलं. 'दोन्हींपैकी काहीही' करायचं तर त्यांनी अंग लहान मुलाचं दिलं. छाती नाही, खांदे नाहीत, काहीच नाही. इथल्या गॅलरीतही बघा ना. 'न्यूट्रल' म्हणून जे काही येतं ते सगळं सडपातळ, सपाट, गोरं आणि सोळा वर्षांच्या आतलं. चाळिशीतलं, सुटलेल्या पोटाचं, केसाळ हातांचं 'दोन्ही नाही' कुणी का करत नाही? काढून टाकत जायचं आणि जे उरेल त्याला न्यूट्रल म्हणायचं, हे मला आळशीपणाचं वाटतं.

सुईदोरा
+१. मी वर सरासरी म्हणाले ते हेच. २०१६ मध्ये बार्बीचे कर्व्ही, उंच, बुटके बांधे आले, पुढच्या वर्षी केनचे सडपातळ आणि रुंद. ती अंगं आणि ती डोकी उलटसुलट करून फार मजेशीर माणसं होतात. बार्बीचं डोकं गरम पाण्यात मऊ करून काढायचं आणि रुंद केनवर. मानेची खुंटी जाड असते, थोडी तासावी लागते.

कानामात्रा
क्रियापदांचा प्रश्न सगळे विसरले, तो माझ्या वाट्याला आला असं समजते.

मराठीत बाहुली, बाहुला, बाहुलं अशी तीन रूपं आयती आहेत, म्हणून 'ते बाहुलं, ते आलं' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. दोन अडचणी. एक, नपुंसकलिंगाने माणसाबद्दल बोलतो तेव्हा आपण त्याला लहान करतो. लेकरू, पोर, कार्टं. पसारा म्हणतात तोच घोळ व्याकरणातही आहे: दोन्ही नाही म्हणजे लहान मूल. दोन, ते बाहुलं स्वतः बोलायला लागलं की संपलं. 'मी आलं' असं कुणी म्हणत नाही. आलो किंवा आले.

'मॉन्स्टर हाय' या बाहुल्यांच्या २०२२ च्या नव्या मालिकेत फ्रँकी स्टाइन नॉनबायनरी आहे, इंग्रजीत सर्वनाम 'दे'. आता मराठीत करा. 'ते आलं' म्हटलं की बाळ. 'ते आले' म्हटलं की आदरणीय गृहस्थ.

पण पळवाटा आहेत, आणि भरपूर आहेत. भविष्यकाळाला लिंग नाही: जाईन, करीन, बघीन. 'आम्ही आलो' बाईही म्हणते, बुवाही म्हणतो. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याकडे बघतही नाही: मी दार उघडलं, मी पत्र लिहिलं, मी भुवई पुसली. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे 'मला'. मी हसलो-हसले नको, मला हसू आलं. मला रडू आलं. मला भीती वाटते. मी पडलो नको, माझा पाय घसरला. तुमच्या बाहुलीला मनातलं सगळं बोलता येईल. नुसतं येणं-जाणं, उठणं-बसणं तेवढं अवघड आहे.

उगाचच
फक्त 'करीन, बघीन, देईन' म्हणणारं बाहुलं? निवडणुकीला उभं करा.

बारा_इंची
खुर्चीवर 'बसणं' अवघड आहे म्हणे त्याला. पडेल बिचारं.

उगाचच
पडणार नाही, पाय घसरेल.

पाकोळी
धागा सकाळपासून तीनदा उघडून बंद केला. लिहितेच आता.

मी या विभागात फार जुनी आहे, पण तेव्हा दुसऱ्या नावाने होते आणि 'गेलो-आलो' लिहीत होते. माझ्याकडे एक १/३ चा बाहुला होता, ६० सेंमीच्या आसपास. मुलगाच म्हणून घेतला. पहिलं वर्ष त्याला काही केलं नाही. मग एक दिवस विग बदलला. मग रोज रात्री दार लावून भुवया थोड्या बारीक करायचे. त्या पुसून पुन्हा काढायचे. मी 'फोटोसाठी करतोय' असं इथेही लिहिलं होतं, कुणाला सापडलं तर हसू नका. तेव्हा मला स्वतःबद्दल जे वाक्य उच्चारता येत नव्हतं ते त्याच्याबद्दल सहज म्हणता यायचं: "ही मुलगीच आहे, नुसतं डोकं चुकीच्या यादीत गेलं."

नंतर मी त्याचा, तिचा, जबडा घासला. पाण्याखाली धरून, ४०० च्या सँडपेपरने, मग ८०० च्या. श्वसनमास्क लावून, तेवढी अक्कल होती. रेझिनची पूड फुप्फुसात गेली तर वाईट. दोन रात्री लागल्या. छान झाला जबडा. निमुळता.

पुढे माझं आयुष्य बदललं, ती गोष्ट इथली नाही. एवढंच सांगते की काही वर्षांनी आरशात माझा स्वतःचा जबडा मला आवडायला लागला. जसा आहे तसा, रुंद. वडिलांचा आहे तो. आणि मग त्या बाहुलीकडे बघवेना. तिच्यासाठी वाईट वाटायचं, की मी घाई केली. रंग पुसता येतो, विग काढता येतो, हातसुद्धा परत लावता येतात. घासलेलं रेझिन परत येत नाही.

म्हणून धूळपाटी, आधी सगळं पुसता येण्याजोगं करून बघा. सँडपेपर शेवटी, आणि जमलं तर नाहीच.

कंपन्यांच्या बाहुल्यांबद्दल: २०१७ ची टोनर कंपनीची जॅझ जेनिंग्स आणि २०२२ ची लॅव्हर्न कॉक्सची बार्बी (दोघीही ट्रान्सजेंडर), दोन्हींच्या बातम्या आल्या तेव्हा खूप आनंद झाला. पण त्या जगासमोर आलेल्या माणसांच्या बाहुल्या. मला त्या काळात उपयोगी पडली ती अर्धी भुवई पुसलेली.

सुईदोरा
पाकोळी, काही लिहीत नाही. वाचलं.

रेझिनवेडा
घासलेला जबडा इपॉक्सी पुट्टीने परत भरता येतो हे लिहायला आलो होतो. मग लक्षात आलं की तो मुद्दा नाहीये.

पाकोळी
मुद्दा नाहीये, पण माहिती चांगली आहे. :) भरणार नाही मात्र. राहू दे तिचा तो तसा.

डबाबंद
'प्लास्टिक आहे ते' हा शेरा मागे घेतो. बाकीचं मत कायम आहे.

माझ्या कपाटात एकच उघडलेलं खोकं आहे. कोणत्या केनचं ते वर लिहिलेल्या वर्णनावरून ओळखा.

पसारा
बघणाऱ्यांनी नुसतं बघून म्हणे!

डबाबंद
डूल नीट बसलाय का ते तपासायचं होतं.

धूळपाटी
सगळ्यांना एकत्र उत्तर देण्याबद्दल माफी. चार दिवस इकडे फिरकणंच झालं नाही, आणि एवढं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाकोळी, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. सँडपेपर आणून ठेवला होता, तो आता ड्रॉवरमध्ये मागे.

सुईदोरा, तुमचं ऐकून तिसरा फेसअप केला. भुवया एवढ्या दाट की आधी माझीच छाती धडधडली. खाली पापण्या, दोन्ही डोळ्यांना. वरच्या ओठाची कड स्पष्ट, आणि हनुवटीवर अगदी विरळ निळसर छाया, दाढीच्या खुंटांसारखी. पसारा, ही छाया तुमच्यामुळे. काल एका पाहुण्यांनी दहा सेकंद बघितलं, तोंड उघडलं, आणि काहीच न विचारता मिटलं. मला फार हसू आलं.

हातांचा शोध चालू आहे. मानेचा घोळ मात्र तसाच: डोकं फोटोच्या ऐन वेळी डावीकडे लवंडतं.

कानामात्रा
धूळपाटी, एक विचारू का? नाही, विचारत नाही, नुसतं सांगते. धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'वाचन चालू आहे.' 'फिरकणंच झालं नाही.' 'मी वहीत उतरवून घेतला.' 'मला फार हसू आलं.' मी इथे पळवाटांची यादी देत बसले आणि तुम्ही पहिल्याच लेखापासून त्या वापरताय. शिकवणी मीच तुमच्याकडे लावायला हवी होती.

सुईदोरा
कानामात्रा, असं चारचौघांत बोट ठेवू नये गं. आणि मी पहिल्याच ओळीत 'ताई' म्हणून बसलेय. धूळपाटी, सॉरी हां.

कानामात्रा
खरंय. कौतुकाच्या भरात लिहिलं. नको वाटत असेल तर संपादकांना सांगून उडवते.

धूळपाटी
उडवू नका. पकडलंत, आणि बरं वाटलं. चार वर्षं असंच लिहिणं-बोलणं चालू आहे, आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोकांना वाटतं माझी भाषा जरा पुस्तकी आहे. त्रास एकच, तुम्ही म्हणालात तोच: मला कुठे जाता येत नाही. प्रत्येक ठिकाणी 'जाणं होतं'.

'ताई' चालेल सुईदोरा, एखाद्या दिवशी 'दादा'ही म्हणा. नुसतं 'धूळपाटी' सगळ्यात छान.

उगाचच
आणि बाहुल्याचं… लीचं… लंचं… नाव काय ठेवलंत?

धूळपाटी
नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, नाव अजून सुचलेलं नाही. कळवीन. (भविष्यकाळ!)

रेझिनवेडा
मानेचं राहिलं. डोक्याच्या आतल्या कडेला, जिथे मान टेकते तिथे, पातळ स्वेडच्या चामड्याची गोल चकती चिकटवा, मध्ये अंगातून ओवलेल्या इलॅस्टिकपुरतं भोक ठेवून. गरम गोंद चालतो, नंतर सोलून काढता येतो. तरीही लवंडलं तर इलॅस्टिक सैल झालंय, दोन सेंमी कापून पुन्हा गाठ मारा. गाठ मारताना हुक घट्ट धरा, सुटला तर बोटावर बसतो. अनुभवाचे बोल.